सत्तावीस नंबरची डोकेदुखी

चि. धाकट्या मेहुण्यास भाऊजींचे भरभरून आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे? गाद्यांचा दुकानदार स्वतः फळीवर झोपतो हे ऐकल्यापासून मी तुझ्याकडे गिऱ्हाईक पाठवायचं थांबवलं आहे. इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी सोडून. तुझी ताई जिने चढते आहे. पूर्वी खेकड्यासारखी आडवी उतरायची, आता भाजीची पिशवी घेऊन सरळ वर येते आणि मलाच विचारते, दम लागला का? ही सगळी गुडघ्याच्या नव्या गोळीची करामत. आमच्या इस्पितळात तिची चाचणी चालू आहे. तुझी ताई, वरच्या मजल्यावरचे पोस्टमन आणि शेजारच्या शिंपीणबाई यांना मीच तिथे भरती केलं. (पस्तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाल्लेल्या माणसाचं तेवढं वजन असतं.)

निवृत्तीनंतर मलाही परत बोलावलं. काम असं, की गोळी घेणाऱ्याने रोजच्या वहीत जी तक्रार लिहिली असेल, तिच्यापुढे ठरलेल्या यादीतला एकच शब्द लावायचा. नाव नाही, नुसता नंबर, आणि माझ्यापर्यंत येतं ते टाइप होऊन. आता माणसं कुठे सरळ लिहितात? सत्तावीस नंबर लिहितो, कपाळात कोणीतरी खिळे ठोकतंय. एकतीस लिहितो, मेंदूचा भुगा झाला. चव्वेचाळीस तर लिहितो, कानामागे सुतार करवत चालवतो, तीही बोथट. मी तिघांपुढे ठेवून दिलं: डोकेदुखी. चाचणीच्या डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, "काका, आता एक शब्द शोधला की सगळे एका रांगेत उभे. नाहीतर खिळे, भुगा आणि करवत यांची गाठ कधी पडली असती?" त्या आनंदात मी घरी येऊन व्हायोलिन अर्धा तास जास्त वाजवलं. (हो, तीन महिने झाले शिकतोय. हसू नकोस.)

परवा बाईंनी तो शब्द शोधला आणि रांग उभी राहिली. तिघांचं डोकं रोज संध्याकाळी सहा ते साडेसात दुखतं, आणि गोळी असते पाचला. बाईंचा चेहरा उतरला. "काका, गोळी बंद करावी लागेल बहुतेक." माझ्या डोळ्यांपुढे तुझी ताई पुन्हा आडवी झाली (जिन्यावर, म्हणजे). मी म्हटलं, जरा वार तर बघू. बघतो तो काय, गुरुवारी तिघेही ठणठणीत. "गोळी तर गुरुवारीही घेतात," बाई म्हणाल्या. "मग गुरुवारी असतं काय?"

गुरुवारी, बाबा, माझी व्हायोलिनची शिकवणी असते. गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मी चव्वेचाळीसची ओळ पुन्हा वाचली. करवत. बोथट. खुर्ची ओढून बसलो आणि कबुली दिली, की बाकीचे दिवस सहा ते साडेसात मी घरी सराव करतो. बाईंनी यादीत 'आवाजाचा त्रास' शोधला. होता, यादीतल्या क्रमांकासकट. (म्हणजे माझ्यासारखे आधीही होऊन गेलेत, तेवढाच दिलासा.) पण नुसत्या कबुलीवर भागेना. आठ दिवस व्हायोलिन पेटीत ठेवायचं ठरलं. ठेवलं. तिन्ही डोकी दुखायची थांबली, गोळी वाचली.

सत्तावीस कोण, हे नियमाने विचारता येत नाही. तरी घरी येऊन तुझ्या ताईला म्हटलं, तीन महिने एका शब्दाने बोलली नाहीस? तर म्हणते, "तुम्ही किती रमला होतात. आणि वहीत लिहायला सांगितलं होतं, तुम्हाला सांगायला नव्हतं."

पेटी कपाटावर आहे. येता-जाता मी तिच्याकडे बघतो, आणि तुझी ताई माझ्याकडे.

तुझे,
भाऊजी

ता.क. तुझ्या गोदामात म्हणे चारी भिंतींना छतापर्यंत गाद्या लावलेल्या आहेत. संध्याकाळी सहा ते साडेसात तिथे कोणी नसतं ना? गुरुवारी नको.

ता.क. दुसरा. तू तिथेच मागे राहतोस हे ताईने आत्ता सांगितलं. काही त्रास झाला तर मनात येईल त्या शब्दांत कळव. शब्द मी लावतो.