शेवटच्यानं बूच काढायचं

४ नोव्हेंबर

सुखरूप पोचले. बसथांब्यावर कुरामित्सुसान स्वतः छोटा ट्रक घेऊन आले होते. माझी एकुलती एक बॅग पाहून म्हणाले, मागं सफरचंदांच्या पेट्या आहेत, त्यातली एक तुमची म्हणून उचला, म्हणजे रिकाम्या हातानं आल्यासारखं वाटणार नाही. वय ऐंशीच्या घरात, पण घाटात गाडी सफाईनं चालवतात.

चार खोल्यांचं त्यांचं विश्रामगृह वसंतापासून बंद आहे. त्यांची मुलगी मासुमीसान हिनं सेंदाईहून फोनवर काम समजावलं होतं. महिनाअखेरीस ती वडिलांना कायमचं न्यायला येईल. त्याआधी घरातल्या सगळ्या नळ्या रिकाम्या करायच्या. पाणी राहिलं की कडाक्यात गोठतं, नळी फुटते आणि बर्फ वितळलं की भिंती वाहू लागतात. मग हिवाळाभर शेगडीच्या खोलीत राहून मी घर सांभाळायचं. मला बरंच आहे. माझी वाट बघणारं कुठं कोणी नाही.

संध्याकाळी आतल्या न्हाणीत अंघोळ केली. काचेच्या दाराबाहेरून कुरामित्सुसाननी विचारलं, "पाणी ठीक आहे ना, हागिनोसान?" आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. ऊन आहे, मी म्हणाले, आणि उगाच डोळे भरून आले.

८ नोव्हेंबर

खालच्या गावातले नळवाले नुमाता आले. नुसता नळ उघडून भागत नाही, त्यांनी दाखवलं. पाणी वाकणात बसून राहतं, सासुरवाडीला झोपलेल्या जावयासारखं. उठवल्याशिवाय उठत नाही. म्हणून एका तोंडाला ब्लोअर लावायचा, हवा सोडायची आणि दुसऱ्या टोकाला कोरडा वारा येईपर्यंत थांबायचं. मी पहिल्याच खेपेला स्वतःला भिजवून घेतलं. शहरातल्या बायका कपड्यांसकट अंघोळ करतात वाटतं, असं म्हणून ते हसले.

वरच्या खोल्या झाल्या. एकेक नळी कोरडी पडताना बरं वाटतं. मागच्या व्हरांड्यातला मोठा टब तेवढा राहिला. तो विषय काढला तर नुमाता अवजारं आवरू लागले.

११ नोव्हेंबर

आज टबाचं झाकण उघडलं. आत स्वच्छ, ऊन पाणी. हीटर मार्चपासून चालू आहे, गाळणीही वेळच्या वेळी बदललेली. पण कुरामित्सुसान त्यात उतरत नाहीत; अंघोळीला गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात जातात.

त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्या बायकोचे, किनुयोसानचे, गुडघे दुखायचे. तिच्यासाठी फवाऱ्यांचा हा टब आणला. घराची रीत अशी की आधी पाहुणे, मग ते, शेवटी ती. आणि शेवटच्यानं बूच काढायचं. मार्चमध्ये एकदा ते अंघोळ करून आले आणि माझं आटपलं म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी मागून येते." ते जाऊन झोपले. सकाळी ती पाण्यातच होती.

तिला नेलं, पाणी राहिलं. ती अजून बाहेर आलेली नाही, ते म्हणाले. आत कुणी असताना बूच कसं काढायचं?

मासुमीसानला फोन केला. ती म्हणाली, ते पाणी गेल्याशिवाय बाबा इथून हलायचे नाहीत, आणि या घरात आणखी एक हिवाळा त्यांना झेपायचा नाही. तेवढं करा, हागिनोसान.

मी वीज बंद केली आणि बूच काढलं. कुरामित्सुसान एवढंच म्हणाले, हळू सोडा.

१३ नोव्हेंबर

टबाच्या तळाशी वीतभर पाणी. नळ्यांतलं उतरलं असणार. टॉवेलनं टिपून घेतलं. पाणी कोमट होतं. परवापासून वीज बंद आहे, तरी कोमट.

१५ नोव्हेंबर

पुन्हा तेवढंच. ब्लोअर लावला. एका फवाऱ्यातून हवा सोडली की बाकीच्यांतून पाणी उडतं, मग फुसफुस, मग कोरडा वारा. आज वारा आलाच नाही. आला तो वास, गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा. कुरामित्सुसान स्वयंपाकघरातून उठून आले आणि दारात उभे राहिले. वास जाईपर्यंत तिथंच होते.

नुमातांनी पंपाजवळचा सांधा उघडून पाहिला. पाणी येण्याची कुठलीच वाट नाही. त्यांनी आज एकही थट्टा केली नाही, चहासुद्धा घेतला नाही.

१८ नोव्हेंबर

तळातल्या भोकाला कान लावला. पाण्याची गुडगुड असेल असं वाटलं होतं. बाईचा आवाज होता, दमलेला, समजूतदार. तुम्ही व्हा पुढं, मी मागून येते.

कुरामित्सुसानना सांगितलं नाही. टब टिपून कोरडा केला आणि म्हटलं, संपलं, आता थेंब नाही. त्यांनी विचारलं, बाहेर आली का ती? मी हो म्हटलं. ते भिंतीला टेकून बसले आणि बराच वेळ रडले. मग बॅग भरायला घेतली.

१९ नोव्हेंबर

पाणी गुडघाभर. माझ्याआधी त्यांनी पाहिलं. मला रागावले नाहीत. भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली.

२३ नोव्हेंबर

बर्फ. अंगणातली बादली तळापर्यंत गोठली. टबातून वाफ येते. ते स्टूल घेऊन तिथंच बसतात, सफरचंद सोलून निम्मं काठावर ठेवतात. रोज मी पाणी सोडते, रोज भरतं. मासुमीसान परवा येते आहे. तिच्या गाडीत ते बसले नाहीत तर—

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ

आज ते खुशीत होते. दाढी केली. म्हणाले, इतकी वर्षं ती सगळ्यांच्या मागून गेली. तिच्यामागून कुणी गेलंच नाही, मग ती बाहेर कशी येणार? एकदा मी शेवटी जातो.

मी हात धरला. उद्या मासुमीसान येते आहे म्हटलं. त्यांनी हात सोडवला, हळूच, एखाद्या मुलीचा सोडवावा तसा. व्हरांड्यात गेले. दाराला आतून कडी.

नुमातांना फोन केला. ते निघालेत, पण रस्त्यावर बर्फ—

२५ नोव्हेंबर, सकाळ

नुमातांनी दार फोडलं. टब कोरडा होता, अगदी ठणठणीत. आत कुरामित्सुसान, थंड पडलेले, बूच मुठीत. चेहरा शांत.

व्हरांड्यापासून त्यांच्या खोलीपर्यंत ओली पावलं. लहान. उजवा पाय ओढत चाललेली.

खोलीत दोन अंथरुणं घातलेली. मी घातली नव्हती.

दुपार

नुमातांनी त्यांना गावात नेलं. मासुमीसान बर्फामुळे खाली अडकली आहे, संध्याकाळी पोचेल. तिला फोनवर बाप गेल्याचं सांगितलं, त्यांचं शेवटचं बोलणंही. तिनं विचारलं, टब रिकामा झाला ना? मी हो म्हटलं.

आत्ता बघून आले. वीतभर. ऊन.

तीन वाजता

कंबरेइतकं. ब्लोअर लावला. दाढीच्या साबणाचा वास.

त्यांच्या खोलीत किनुयोसान बसून आहे. दार उघडलं नाही, पण मलमाचा वास दारापर्यंत येतो. अंथरूण पुन्हा पुन्हा सारखं केल्याचा आवाजही. मार्चमध्ये ते झोपून गेले होते. ती जागी आहे.

बूच काढलेलंच आहे. पाणी जात नाही. आत कुणी असताना कसं जाईल?

आता ते शेवटचे. त्यांच्यामागून कुणीतरी—

चार

मासुमीसान येईल. बापाचा आवाज ऐकेल. ती पाण्यात उतरेल, मला माहीत आहे. मुलगी आहे. तिच्या घरी दोन लहान मुलं.

माझ्या घरी कुणी नाही.

मासुमीसान, हे वाचलंत तर टबाजवळ येऊ नका. पाणी सोडायला जाऊ नका, माझ्यामागून कुणी यायचं नाही. गोठू दे. नळ्या फुटू देत, घर वाहून गेलं तरी—

काठोकाठ आलं.

पाण्यातून कुरामित्सुसान विचारतायत. पाणी ठीक आहे ना, हागिनोसान.

हो. ऊन आहे. किनुयोसान थांबल्यात तुमच्यासाठी. तुम्ही व्हा पुढं, मी