अंकुरच्या दुखण्याचं नाव

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार, वहिनीलाही सांग. फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेतला. इकडे सकाळपासून पाऊस आहे. विक्रांत ऑफिसला गेलाय आणि मी या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरतेय. अदितीच्या लग्नाच्या साड्या झाल्या का घेऊन? तिला गडद निळा खुलतो, वहिनीला म्हणावं विसरू नकोस.

आपल्या भांडणाबद्दल लिहिणार नव्हते. साखरपुड्याआधी मी तुझ्या लेकीच्या आणि होणाऱ्या जावयाच्या, अदिती आणि अनीशच्या, सिकलसेलच्या रक्ततपासणीचं काढलं, तर तू म्हणालास, "आमच्या घरात असलं काही नाही. तो जंगलातल्या लोकांचा आजार." आणि फोन ठेवलास. असू दे.

दुसरंच सांगायचंय. डॉक्टर क्वार्टी वारल्या.

तुला त्या माहीत असायचं कारण नाही. मूळच्या घानातल्या अक्राच्या. बुओना व्हिस्टाच्या आमच्या संशोधन केंद्रात दोन वर्षं पाहुण्या प्राध्यापक होत्या आणि त्यांच्या रुग्णांची आकडेवारी मी बघायचे. वय अठ्ठ्याहत्तर, पण लिफ्टसाठी थांबायच्या नाहीत, जिना चढून माझ्याआधी वर. तरुणपणी लंडनच्या एका इस्पितळात त्या पहिल्या काळ्या डॉक्टरीणबाई म्हणून लागल्या. पेशंट त्यांना सफाईवाली समजून शौचाचं भांडं उचलायला सांगायचे. त्या उचलायच्या, हात धुवायच्या आणि मग त्याच पेशंटची नाडी बघायच्या. वॉर्डात काळी मुलं सांधे धरून रडायची, आणि बाकीचे डॉक्टर म्हणायचे, ढोंग आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर काम करू द्या म्हणून त्या इस्पितळाच्या साहेबाकडे गेल्या. साहेब म्हणाला, "तुमच्या लोकांचा आजार आहे, तुम्हीच बघा."

"मग मी बघितला," असं मला सांगून त्या खळखळून हसल्या होत्या.

अक्राला परतून त्यांनी बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासायला सुरुवात केली. ज्यांच्यात आजार सापडे त्यांना लगेच औषधं. आधी अशी कितीतरी मुलं पाच वर्षांचीही होत नसत. आता त्यांनी तपासून वाचवलेल्यांतलीच एक त्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, दोन मुलांची आई.

एकदा अलेक्झांड्रा भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवताना त्यांनी माझं गाव विचारलं. चंद्रपूर म्हटल्याबरोबर त्यांनी चमचा खाली ठेवला. "तुमच्याकडे हा आजार पुष्कळ आहे. घरात कुणाला होता?" मी सूप ढवळत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उन्हाळ्यात त्या अक्राला परत गेल्या.

दादा, मला दिवस गेलेत. चौथा महिना लागला. तुला आधी कळवायला हवं होतं, पण जीभच रेटेना. इथे पहिल्याच तपासणीत रक्त बघतात. माझ्यात सिकलसेलचा अंश निघाला. मग विक्रांतचं रक्त तपासलं, त्याच्यातही. आम्हाला दोघांना त्याचा काही त्रास नाही, पण आई आणि बाप दोघांत तो असला की मुलाला आजार होऊ शकतो.

त्या दिवशी मी डॉक्टर क्वार्टींना फोन केला. त्या आजारी होत्या, आवाज खोल गेला होता. मी पहिल्यांदाच कुणाजवळ तरी आपल्या धाकट्या अंकुरबद्दल बोलले. थंडीत त्याचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे दिसायचे, बाबा म्हणायचे शाळा बुडवायची नाटकं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "त्याला दवाखान्यात कोण नेत होतं?"

"माझा दादा. सायकलच्या दांडीवर बसवून. डॉक्टर म्हणायचे वाढीचं दुखणं आहे आणि परत पाठवायचे. दादा पुन्हा घेऊन जायचा."

"किती वर्षांचा होता तुझा दादा?"

"सतरा."

त्या म्हणाल्या, "त्या मुलाचं दुखणं खरं मानणारा एवढा एकच माणूस होता. त्याला माझ्याकडून सांग, त्याचं काही चुकलं नाही. चुकलं असेल तर आम्हा डॉक्टरांचं."

तो निरोप तुला द्यायचा राहिलाच. अंकुर गेला त्याला तीस वर्षं झाली, तेव्हापासून तू त्याचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. अजून तुला असंच वाटतं का, की तू जरा आधी नेलं असतंस तर? नको वाटू देऊस. तेव्हा आपल्याकडे कुणी त्याचं रक्तच तपासलं नाही.

पोटातल्या बाळाचीही तपासणी करून घेतली, तिचा रिपोर्ट सोमवारी आला. आजार आहे.

विक्रांत दोन दिवस या आजाराबद्दल मिळेल ते वाचत बसला. काल चहा करता करता म्हणाला, "आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार, अनू. औषधं आहेत, डॉक्टर आहेत." आम्ही हे बाळ वाढवणार आहोत. मला भीती वाटते. एका जागी बसवत नाही, हे पत्रही चार वेळा उठून लिहिलंय. पण ठरलंय.

अंकुरला जे होतं ते आई आणि बाबा दोघांकडून आलं होतं. म्हणजे तुझ्यातही अंश असू शकतो, आणि अदितीतही. लग्न मोडू नकोस, तारीखही हलवू नकोस. फक्त दोघांचं रक्त तपासून घे. त्यांना कळू दे, मग काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. अदिती तुझ्यासारखी धीराची आहे.

आणि बाळ होईल तेव्हा तू ये. त्याचं दुखणं खरं मानणारा मामा त्याला हवाय.

तुझी धाकटी बहीण, अंकुरची ताई,
अनुया