रंगाखालची गाठ

दादा,

गिटारची मान पोचली, आवडली म्हणालास. हार्डवेअरच्या दुकानातली सर्वांत स्वस्त फळी होती ती. तासताना मधोमध गाठ निघाली. ताण आला की गाठीवरच लाकूड मोडतं, हे बाबांनी आपल्याला शिकवलंय. फळी टाकूनच देणार होतो, तेवढ्यात तुझा फोन आला. "ए सुतारा, हात चालव! वाजवायचं माझ्यावर सोड." मागे तुझे मित्र खिदळले.

मी गाठीवर काळा रंग फासला. तारांचा ताण पेलणारी आतली लोखंडी सळईही घातली नाही.

उद्या कार्यक्रमाआधी तू तारा चढवून ताणशील. मानेला गाल टेकवून सूर ऐकायची तुझी सवय लहानपणापासूनची.

फोन समोरच पडलाय. मी पत्र लिहितोय. पत्राला चार दिवस लागतात.

तुझाच,
सुतार