वाय-फाय का जात होतं

चिमणे,

वाय-फायवाल्याला आज बोलावू नकोस. राउटर ठणठणीत आहे. रोज चारच्या सुमाराला कपाटामागचं बटण मीच घटकाभर बंद करत होतो.

पहिल्यांदा चुकून बंद झालं. "गेलं वाटतं!" म्हणत तू गॅलरीत आलीस आणि माझ्याशेजारी कठड्याला टेकलीस. समोरच्या गच्चीवरच्या चादरी वाऱ्यानं फुगत होत्या. तू म्हणालीस, "बाबा, ही अख्खी इमारत आता शिडं लावून निघणार बघ." मग आपण दोघं जागच्या जागी कुठल्या कुठे फिरून आलो. मला त्या सफरीची चटकच लागली.

काल तुझी मुलाखत आहे हे मला ठाऊक नव्हतं. ती अर्ध्यात तुटली, तू दार लावून रडलीस आणि मी मूग गिळून बसलो.

आज सकाळी तुझ्या टेबलावरच्या कागदावरून नंबर घेतला आणि त्या ऑफिसात फोन करून सगळं कबूल केलं. मुलाखत घेणाऱ्या बाई हसल्या. आज चार वाजता तुझ्याशी पुन्हा बोलणार आहेत.

हाताला मोह नको म्हणून मी बाहेर पडतोय. तळ्याकाठच्या बाकावर असेन. मुलाखत झाली की ये. राग गेला नसेल, तरी ये.

बाबा