शेजारच्या बाईसाठी कोहळं

राजापेठ, अमरावती
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. नागसेन,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू दचकला असशील. काही वाईट बातमी नाही, हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. आई बरी आहे. मी बरा आहे. इकडे सकाळी गार वाटायला लागलं आहे, दुपारचं ऊन मात्र अजून चावतं. ट्यूशनवाल्या पोरांच्या गाड्या आपल्या गेटसमोर लागतात आणि त्यावरून माझं रोज भांडण होतं. थोडक्यात, सगळं ठीक आहे.

फोन का केला नाही, असं विचारशील. तीस वर्षं एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या. फोन कानाला लावला की माझा आवाज आपोआप चढतो, आणि आवाज चढला की तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही. ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे.

सांगायचं असं की मी स्वयंपाक शिकलो. हसू नकोस. वरण-भात, मऊ खिचडी, रव्याची खीर. आणि एक पदार्थ असा की तो राजापेठेत दुसऱ्या कोणाच्या घरी होत नसेल. कोहळं भाजून, पांढऱ्या रश्श्यात घालून, वर चीज किसून ओव्हनमध्ये ठेवायचं. तुझाच पदार्थ. तो मला कसा कळला, ते सांगतो. पण आधी ओव्हनचं सांगतो.

तुझा ओव्हन माळ्यावर होता. आईनं त्याला जुन्या नऊवारीत बांधून ठेवलं होतं. दसऱ्यानंतर मी तो एकट्यानं खाली काढला. स्वयंपाकघरात त्याचा जाड प्लग बसेना. शेवटी मोरीच्या दाराशी स्टूल मांडलं आणि गिझरच्या पॉइंटवर तो चालवला. आंघोळ आणि स्वयंपाक आळीपाळीनं.

कोहळं, पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते, वलगावच्या बाजारातून आणलं. चांगलं पिकलेलं, आतून शेंदरी. ते फोडायला खालच्या पार्वताबाईंचा कोयता मागितला, तर त्या कोयत्यासोबत स्वतःच वर आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "देवराव, तुमी कोहळं फोडून राहिले का तिजोरी?"

पहिल्या दिवशी मी फोडी पाण्यात शिजवल्या. सगळं पाणचट झालं. दुसऱ्या दिवशी चीजच्या जागी पनीर आणलं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, एकच असते." एकच नसते. तिसऱ्या दिवशी वरून काळं झालं आणि आतून कच्चं राहिलं. मी चिडलो, भांडं आपटलं, मग तेच भांडं घासायला बसलो. चौथ्या दिवशी जमलं. घरभर असा वास सुटला की पार्वताबाई पुन्हा वर आल्या.

आता हे सगळं कोणासाठी, ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आईसाठी.

नागसेन, तुझ्या आईच्या गालात आतून गाठ आली होती. कितीक वर्षं ती तंबाखूचं मंजन लावत होती, तुला माहीत आहे. मे महिन्यात तोंडात जखम झाली, ती भरेना. जून महिन्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. एकवीस जूनला नागपूरला ऑपरेशन झालं. नंतर तीस वेळा शेक दिले, मशीनचे. आम्ही नागपूरला दवाखान्याजवळ खोली घेऊन दोन महिने राहिलो. सप्टेंबरच्या मध्यात घरी आलो.

आता लगेच लिहितो, पुढची ओळ शोधत बसू नकोस. परवा, शुक्रवारी, आम्ही तपासणीला गेलो होतो. डॉक्टर मॅडमनी सगळे रिपोर्ट पाहिले, तोंडात बॅटरी मारून पाहिलं, मान दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "काही शिल्लक नाही. दोन महिन्यांनी दाखवायला या." मी म्हणालो, "पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारणार होतो, पण आईनं माझी बाही ओढली. दवाखान्याच्या बाहेर आम्ही दोघं बाकड्यावर अर्धा तास नुसते बसून राहिलो. कुठं जायची घाई नव्हती. कितीतरी महिन्यांनी घाई नव्हती.

पण मधले दिवस वाईट गेले. शेकांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं. थुंकी सुकली. तोंड दोन बोटांइतकं उघडायचं. तिखट जिभेला लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं. नाकातली जेवणाची नळी निघाली तशी ती खाणंच टाळायला लागली. "मातीसारखं लागते," असं वहीत लिहून दाखवायची. बोलणं तर बंदच होतं. अठ्ठावन्न किलोची बाई बेचाळीसवर आली. चाळीसच्या खाली गेली तर पुन्हा नळी घालू, असं मॅडमनी बजावलं होतं. मी खीर करून समोर धरायचो, ती भिंतीकडे तोंड फिरवायची. मी ओरडलो एकदा. ओरडल्यावर तिनं वहीत लिहिलं, "माह्यावर ओरडून भूक लागत नाही." खरंच होतं ते.

त्या चौथ्या दिवशी कोहळ्याची वाटी घेऊन मी तिच्याजवळ बसलो. तिनं लहान चमच्यानं एक घास घेतला. तोंडात धरून ठेवला. मला वाटलं, आता थुंकणार. गिळला. दुसरा घेतला. सात चमचे खाल्ले, मी मोजले. मग चमचा खाली ठेवून ती माझ्याकडे पाहून काहीतरी बोलली. अक्षरं नीट निघत नव्हती. मी म्हणालो, "काय? पाणी पाह्यजे?"

तिनं मान हलवली आणि पुन्हा बोलली. "मीठ. मीठ कमी हाये."

जून महिन्यानंतर तिच्या तोंडून ऐकलेली ती पहिली गोष्ट. तिला मीठ कमी लागलं, म्हणजे तिला चव कळली. मी मीठ आणायला म्हणून उठलो आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. आता ती पंचेचाळीस किलोची आहे. बोलते. थोडं बोबडं, पण भरपूर.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं, ते लिहितो.

नोव्हेंबर आला, आणि तुला यातलं काही माहीत नाही. तुझ्या मते आईचा फोन जून महिन्यात बिघडला, आवाज जात नाही, म्हणून ती बोलत नाही, नुसते मेसेज करते. तिचा फोन बिघडलेला नव्हता. ऑपरेशनच्या दिवसापासून तो माझ्याच खिशात होता, आणि तुला आईच्या नावानं आलेले सगळे मेसेज मी लिहिलेले आहेत.

"जेवलास का," मी. "बाबाला ताप आहे, म्हणून बेकरीच्या उद्घाटनाला येता येत नाही," तेही मी. मला ताप नव्हता. आणि "शेजारच्या एका बाईच्या तोंडाचं ऑपरेशन झालं, तिला काही चावता येत नाही, तिच्यासाठी काही सांग," तेही मीच. शेजारी अशी कोणी बाई नाही.

तू लगेच उत्तर दिलंस. तो मेसेज मी कागदावर उतरवून ओव्हनजवळ चिकटवला आहे. "आई, त्या बाईले कोहळं दे. पाण्यात शिजवू नको, लोणी लावून भाज. लोण्यात चमचाभर मैदा परतून दूध सोडजो, त्यात कोहळं, वरून चीज. झाकून भाजजो, वरचा थर कडक झाला तर तिच्या तोंडाले टोचन. पुण्याच्या हॉटेलात थंडी सुरू झाली की लोक हेच मागत." पाण्यात शिजवू नको असं तू स्वच्छ लिहिलं होतंस. मी घाईत वाचलं नाही. माझी सवय.

तुझ्या आईनंच पहिल्यांदा म्हटलं होतं, ऑपरेशनच्या आधी. "त्याची बेकरी पंधरा ऑगस्टले सुरू होऊन राहिली. ते झालं की सांगू." तोवर ठीक होतं. पंधरा ऑगस्टनंतर मात्र तिनं वहीत दोनदा लिहिलं, "नागसेनले सांगा." मी मान हलवायचो आणि तुला आईच्या नावानं लिहायचो, "मी मजेत आहे." सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गाडी पकडून आला असतास. आणि मला तुझ्यासमोर उभं राहावं लागलं असतं. आई आजारी असताना मी माझ्या तोंडाचा विचार केला. त्याला दुसरं नाव नाही.

चार वर्षांपूर्वी मी काय बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. पुण्याचं हॉटेल बंद पडून तू घरी आला होतास, घरातून केक-पाव करून विकत होतास. माझ्या डेपोतले श्यामराव त्यांच्या इंजिनिअर मुलाला घेऊन आले होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "आमच्या पोरानं कॉलेज सोडलं अन् बायकांचं काम धरलं." तू बिस्किटांची बशी हातात घेऊन उभा होतास. ते गेल्यावर तू म्हणालास, "बाबा, एवढं काहून?" आणि मी म्हणालो, "लाज वाटते मले. जा इथून." तू गेलास. आता आठवड्यातून चार दिवस मी तेच बायकांचं काम करतो. बशी हातात घेऊन उभं राहिल्यावर कोणी वेडंवाकडं बोललं तर कसं वाटत असेल, ते कळायला मला एवढा वेळ लागला.

आणखी एक आहे. ते लिहिलं नाही तर हे पत्र खोटं होईल. पंधरा ऑगस्टला शेक नव्हते, सुट्टी होती. आम्ही नागपूरच्या खोलीवर होतो. संध्याकाळी तुझा मेसेज आला. "आई, तू आली नाही ते समजतं. पण खरं सांगू, मी दिवसभर रस्त्याकडे पाहत होतो. तुझ्यासाठी नाही. बाबासाठी."

तो तू आईला लिहिला होतास. तो वाचायचा हक्क मला नव्हता. मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाठवलं, "जेवलास का?" आईच्या फोनवरून लपूनसुद्धा मला एवढंच जमलं.

माझं चुकलं, नागसेन. श्यामरावांसमोर बोललो ते, आईचं दुखणं लपवलं ते आणि तुझं मन चोरून वाचलं ते. तिन्ही.

परवा दवाखान्यातून आल्यावर तिनं फोन हातात घेतला आणि सगळे मेसेज पहिल्यापासून वाचले. मी समोर बसलो होतो, कोर्टात बसल्यासारखा. वाचून झाल्यावर म्हणाली, "त्याले मी राजा म्हणतो. तुमी सगळीकडे बेटा लिहिलं. त्याले समजलं नसन काय?" मग फोन बाजूला ठेवला. नंतर म्हणाली, "मी आत्ता फोन करू शकतो त्याले. पण करत नाही. पहिले तुमी सांगा, तुमच्या नावानं. मंग मी बोलीन."

म्हणून हे पत्र. उद्या सकाळी स्वतः पोस्टात टाकतो. मिळालं की आईला फोन कर. ती फोन उशाशी घेऊनच बसणार आहे. तिच्यावर रागावू नकोस, तिची यात काही चूक नाही. माझ्यावर रागावशील, ते मला चालेल. इतके दिवस मी ज्या भीतीत होतो, त्याच्यापुढं तुझा राग मला सणासारखा आहे.

आणि जमेल तेव्हा ये. बेकरी बंद ठेवून ये असं म्हणत नाही, तुझ्या सवडीनं ये. तू आल्यावर मी काय बोलेन, ते मला अजून सुचलेलं नाही. पण दार मी उघडीन.

तुझा बाप,
देवराव