बंगल्यावरचा चहा

साहेब, तुमच्या सांगलीच्या घरात आता दातांचा दवाखाना आहे. परवा दाढ दुखायला लागली म्हणून गेले, तर खुर्ची नेमकी तुमच्या स्वयंपाकघराच्या जागी. तोंड उघडून पडल्या पडल्या मला गवती चहाचा वास आला. म्हणजे आला नसणारच, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण आला. कोर्टातून परतलात की काळा कोट दाराला अडकवून तुम्ही स्वतः आम्हा ज्युनिअरांसाठी चहा टाकायचात, आणि उकळी येईपर्यंत आमच्या दिवसभराच्या चुका ऐकवायचात. चहा भयंकर गोड असायचा. ते तुम्हाला सांगायची मात्र कुणाची छाती नव्हती.

त्याच स्वयंपाकघरात मी एकदा द्राक्षांची पेटी घेऊन येते. आमच्या कुंडलच्याच माणसानं घरी आणून दिलेली. आपल्याकडची एक जमिनीची केस त्याच्याच विरुद्ध चालू आहे, हे माझ्या गावीही नाही. एक घड तर मी एसटीतच संपवलाय. तुम्ही पेटी बघता, कुणी दिली ते विचारता, आधण ठेवता आणि म्हणता, "द्राक्षं लय ग्वाड असतील पोरी. पर केस हाय तवर ती आपली न्हाईत."

"आवं सायेब, गावातलाच माणूस हाय."

"मग तर लवकर पोचव. आन खाल्लेला घड इकत आणून भर त्यात."

मंडईतून घड आणून पेटीत बसवला आणि पुढच्या एसटीनं परत गेले. रस्ताभर तुम्हाला मनात शिव्या घातल्या. त्या माणसानं पेटी उघडली, नीट पाहिली आणि म्हणाला, "ह्यो घड आमच्या मळ्यातला न्हाई." हे सांगितलं तेव्हा तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. तसे हसताना तुम्ही फार आवडायचात मला.

आता ऐका. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी माझं नाव दिल्लीला गेलंय. तुमच्या ज्युनिअरचं, साहेब! हे कळताच इथल्या सत्ताधारी पक्षाच्या एका गटाला माझा पुळका आला. मला न विचारता त्यांनी गावच्या चौकात फ्लेक्स लावला: वर त्यांचे नेते हात जोडून, खाली मी, 'आमच्या तालुक्याची लेक'. त्याच पक्षातल्या दुसऱ्या गटानं त्याचा फोटो काढून दिल्लीला तक्रार धाडली, की ही बाई त्या नेत्याची माणूस आहे. भांडण त्यांचं आणि अडकली माझी फाईल. मी शिडी मागवून फ्लेक्स उतरवून घेतला, तर पहिला गटही रुसून बसला.

काल फ्लेक्सवरच्या त्या नेत्याचा कार्यकर्ता घरी आला. "ताई, बंगल्यावर या, निस्ता चहा घ्या. दोनी गटांचं आमचं सायेब मिटवत्यात. न्हाईतर फाईल तितंच ऱ्हाईल बगा."

मी येणार नाही म्हटलं. तो बिचारा खरंच हळहळला. "आवं ताई, एका चहानं काय हुतंय?" मी त्याला पाणी दिलं आणि निरोप दिला. बहुतेक त्याच्याबरोबर ते पदही गेलं.

आज कोर्टातल्या बाररूममध्ये सगळ्या वकिलांना सांगितलं, मला त्या पदाचं विशेष काही नव्हतंच. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. गेला महिनाभर अंघोळीच्या वेळी नळ मोठा सोडून मी माझ्या नावाआधी 'न्यायमूर्ती' लावून म्हणून बघतेय. आज सकाळीही म्हटलं. फार छान वाटतं हो, साहेब.