पंचाण्णव ठरवले होते

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दांडिया बाजारातून जाताना माझी मान आपोआप खाली जाते.

एमबीएच्या प्रवेश परीक्षेचं वेड तेव्हा बडोद्यात नुकतंच शिरलं होतं. नव्या कंपन्या येत होत्या, क्लासच्या पाट्या झळकत होत्या. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि तू मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होतीस. पोळ्या लाटता लाटता तू विचारलंस, "किती मिळवायचेत गं?" मी म्हणाले, "पंचाण्णव पर्सेंटाइल." का, तर क्लासमध्ये सगळे तेवढंच म्हणत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला मी तोच आकडा ऐटीत सांगायची. सकाळी गणित, दुपारी इंग्रजी उतारे, रविवारी घड्याळ लावून अख्खा पेपर, असा बेत होता. रविवारचा पेपर मात्र मी दर वेळी पुढे ढकलायची. आपण नेमके कुठे आहोत, ते बघायचीच भीती वाटायची.

निकाल लागला. साठ. मी खोलीचं दार लावून बसले. संध्याकाळी तू दार वाजवलंस. "चल, भाजी आणू."

बाजारात शेजारच्या गुजराती बेन भेटल्याच. "दीकरीनुं शुं आव्युं?" त्यांनी लेकीच्या निकालाचं विचारलं. अजून निकाल लागला नाही, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात तू बोललीस. "साठ आव्या. पंचाणुं धार्या हता." साठ आले, पंचाण्णव ठरवले होते, असं सरळ. मग देवळापाशी, मग वाण्याकडे, प्रत्येकाला तू तेच सांगतेयस, उन्हापावसाचं बोलावं इतक्या सहज. मी मेल्याहून मेल्यासारखी तुझ्या मागे उभी. परत येताना मी रडतच म्हणाले, "आई, तुला काही वाटतं की नाही?"

तू पिशवी खाली ठेवलीस. "वाटतं ना. पण आता कुणापासून तोंड लपवायला नको तुला. साठाच्या पुढे मोजायला लाग."

आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही. पण त्या रविवारी पहिल्यांदा घड्याळ लावून पेपर सोडवला. तू शेजारी वह्या तपासत बसली होतीस. कुठे अडलं, कुठे उगाच वेळ गेला, ते बघून पुढचा आठवडा ठरवायचा. पंच्याहत्तर झाले, की ऐंशीचं बघायचं. दुसऱ्या वर्षी ब्याऐंशी आले. मोठ्या संस्थेत नाही, पण इथेच प्रवेश मिळाला, नोकरी लागली, बडोद्यातच अकोट्यात घर झालं.

शेवटच्या आजारपणात तू एकदा विचारलंस, "तेव्हा बाजारात मी सगळ्यांना सांगत सुटले, तुला फार लागलं होतं का गं?" मी तुझी उशी सारखी करत म्हणाले, "कधी? मला नाही आठवत."

तू कूस बदललीस. हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही, म्हणून इथे खरं सांगते. मला सगळं आठवत होतं, आई. आणि आठवत नाही म्हणून तुला माफी मागू न देताना, तुला थोडं लागावं, असंही वाटलं होतं.